नाकातले दोन थेंब आणि रोज्याची शिस्त

रमजानमध्ये उलेमांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची एक ठरलेली यादी असते. इंजेक्शन घेतले तर रोजा मोडतो का? दात काढला तर? डोळ्यात औषध घातले तर? रक्त तपासणीला दिले तर? नाकात थेंब घालण्याचा प्रश्न या यादीत दरवर्षी असतोच. यंदा तो जरा जास्तच कानावर येतो आहे आणि त्याचे कारण पंचांगात सापडते.

हिजरी वर्षात अधिक महिना नसतो. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. यंदा तो फाल्गुनाच्या जोडीने चालला आहे. दोन्ही महिने एकाच चंद्रकोरीने सुरू झाले. फाल्गुन म्हणजे सहेरीच्या वेळी गारवा, दुपारी चटका देणारे ऊन, आंब्याचा मोहोर, पानगळ आणि रस्त्यावरची धूळ. होळीचा धूर आणि रंगाची पूडही याच दिवसांतली. मशिदीत शिरावे तर अत्तर आणि अगरबत्ती. ज्यांचे नाक मुळातच हळवे, त्यांना एवढे पुरे होते. सर्दी नसतानाही नाक चोंदते, रात्री झोप लागत नाही, तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडतो. रोजेदाराला तर दिवसभर पाण्याचा घोटही नसतो. कोरड्या घशाने तो दिवस काढतो आणि मग कोणीतरी सांगते, ‘मेडिकलमधून थेंब आणा, दोन मिनिटांत नाक मोकळे.’

ते खरेही असते. म्हणूनच या बाटलीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. रोजा मोडतो की नाही, हा एकच प्रश्न आपण विचारतो आणि उत्तर मिळाले की बाटली खिशात टाकतो. दुसरा प्रश्न मनातही येत नाही. तो म्हणजे, हे थेंब किती दिवस घालायचे? पहिल्या प्रश्नाइतकाच हाही महत्त्वाचा आहे. तो रोजेदाराला जसा लागू आहे तसा त्याच्या शेजारच्या पाटलांना, जोशींना आणि कांबळ्यांनाही लागू आहे.

आधी पहिल्या प्रश्नाचे पाहू, कारण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नाक हे घशाकडे उघडणारे दार आहे. नाकात घातलेले औषध मागे उतरते आणि घशाला त्याची कडू चव लागते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. हनफी मसलकाच्या जुन्या ग्रंथांत नाकातून आत गेलेले औषध रोजा मोडणाऱ्या गोष्टींत धरले आहे. त्याचा कजा करावा लागतो, म्हणजे तो रोजा नंतर पुन्हा ठेवावा लागतो. कफ्फारा मात्र नाही. आपल्याकडचे बहुतेक उलेमा हेच सांगतात. दुसरीकडे जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मधल्या दहाव्या अधिवेशनात वेगळा निर्णय दिला. डोळ्यांचे, कानाचे आणि नाकाचे थेंब, तसेच नाकातला फवारा यांनी रोजा मोडत नाही, मात्र घशात उतरलेले औषध गिळायचे नाही, अशी अट तिने घातली. दोन्ही मतांमागे अभ्यास आहे. आपण ज्या मसलकाचे आहोत, ज्या आलिमांवर आपला भरवसा आहे, त्यांना विचारावे आणि त्याप्रमाणे वागावे. या स्तंभातून फतवा देण्याचा मला अधिकार नाही.

पण एक गोष्ट कुठल्याही मसलकात वादाची नाही. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे. सूरह अल-बकरामध्ये रोजे फर्ज झाल्याचे जिथे सांगितले आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना नंतरच्या दिवसांत संख्या पूर्ण करण्याची मुभा दिली आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, असेही स्पष्ट केले आहे. ज्याचा श्वासच अडतो त्याने औषध टाळून जीव धोक्यात घालावा, असे दीन कुठेही सांगत नाही. साध्या चोंदलेल्या नाकासाठी मात्र एवढा पेच पडण्याचेही कारण नाही, कारण या औषधाचा असर बराच वेळ टिकतो. सहेरीच्या शेवटी घातलेला थेंब दुपार ओलांडून पुढे काम करतो. इफ्तारनंतर घातलेला रात्र काढतो. दिवसातून दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने, हीच या औषधाची योग्य वापराची पद्धत आहे. म्हणजे वेळापत्रकाच्या दृष्टीने रोजा आणि औषध यांचे भांडणच नाही.

भांडण आहे ते दिवसांच्या मोजणीचे. ते समजायला नाकाचे काम थोडे समजून घ्यावे लागेल.

नाक चोंदले की आपल्याला वाटते, आत शेंबूड साचला आहे. म्हणून आपण जोराने शिंकरत राहतो. खरे तर बहुतेक वेळा वाट अडवते ती सूज. नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतींना मऊ अस्तराने मढवलेल्या हाडाच्या पाकळ्या असतात. त्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. आत येणारी हवा गरम करणे, ओली करणे, धूळ अडवणे ही त्याची कामे. सर्दी किंवा ॲलर्जी झाली की या वाहिन्या रक्ताने फुगतात, अस्तर जाड होते आणि वाट बुजते. आडवे झाल्यावर डोक्याकडचे रक्त चटकन खाली उतरत नाही, म्हणून रात्री त्रास वाढतो. तरावीहमध्ये लांब सजद्यात नाक जड होते आणि उभे राहिल्यावर हलके होते, त्याचेही कारण हेच. तो आजार नव्हे.

आणखी एक गंमत. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास एक जास्त वाहते, मग दुसरी. १८९५ मध्ये रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने हे नाकाचे चक्र म्हणून नोंदवले. आपल्याकडे योगाचा अभ्यास करणाऱ्यांना चंद्रनाडी आणि सूर्यनाडी या नावांनी ही अदलाबदल फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेव्हा एक नाकपुडी जरा बंद वाटली म्हणून लगेच बाटली उघडण्याची गरज नसते. थोड्या वेळाने ती आपोआप उघडणार असते.

आता थेंबांचे. दुकानात मिळणाऱ्या नाक मोकळे करणाऱ्या बहुतेक बाटल्यांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन यांपैकी एक औषध असते. नाव कुठल्याही कंपनीचे असो, बारीक अक्षरात यांतले एक नाव सापडेल. हे औषध फुगलेल्या रक्तवाहिन्यांना आकसायला लावते. सूज काही मिनिटांत उतरते आणि नाक मोकळे होते. याने सर्दी बरी होत नाही, ॲलर्जी जात नाही, फक्त वाट उघडते. तीन-चार वाईट रात्री काढायला हे औषध चांगले आहे. त्याला शत्रू ठरवण्याचे कारण नाही.

अडचण पुढे येते. रोज तेच औषध मिळत राहिले की रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात. पहिल्या दिवशी दोन थेंबांत जी रात्र निघाली, त्यासाठी सहाव्या दिवशी चार थेंब लागतात आणि तरी पहाटेआधी जाग येते. औषधाचा जोर ओसरला की वाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. माणसाला वाटते सर्दी वाढली. तो पुन्हा थेंब घालतो. आता नाक सर्दीने चोंदत नसते, थेंबांमुळे चोंदत असते. वैद्यकात या अवस्थेला ‘रायनायटिस मेडिकामेन्टोसा’ असे नाव आहे. सरळ मराठीत सांगायचे तर औषधाने आलेली सर्दी. उर्दूत ‘नाक में दम’ म्हणतात, मराठीत ‘नाकी नऊ येणे’. दोन्ही भाषांना या दुखण्याची चांगली ओळख असावी!

मग मर्यादा किती? देशोदेशीच्या सूचनांत तीन दिवसांपासून सात दिवसांपर्यंतचे आकडे आढळतात. २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येतील अशा औषधांच्या यादीचा मसुदा काढला. त्यात नाक मोकळे करणारी ही औषधे होती आणि पाच दिवसांपेक्षा जास्त वापर नको, तोवर बरे वाटले नाही तर डॉक्टरांकडे जावे, अशी अट होती. पाच दिवस हा लक्षात ठेवायला सोपा आकडा आहे. तीनात भागले तर उत्तम.

रमजान तर एकोणतीस किंवा तीस दिवसांचा. पहिल्या रोज्याला बाटली आणली आणि ‘महिनाभर चालेल’ म्हणून ठेवली, तर ईदच्या नमाजला जाताना खिशात रुमालाबरोबर तीही असणार. शिवाय आपली रमजानची रात्र लहान आणि कामांनी भरलेली. इफ्तारनंतर एकदा, तरावीहला निघताना एकदा, झोपताना एकदा, सहेरीला उठल्यावर एकदा, असे चार वेळा थेंब दहा तासांत पडतात. दिवसभर घालता आले नाहीत म्हणून रात्री भरपाई करण्याचा हा प्रकार आहे. इफ्तारच्या दस्तरख्वानावर दिवसभराची भूक एका बैठकीत वसूल करण्याच्या सवयीची ही बहीणच.

आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त गृहस्थ आहेत. वय पासष्टीच्या पुढचे, रक्तदाबाची गोळी चालू. अकरा वर्षे ते या थेंबांवर होते. एक बाटली कुर्त्याच्या खिशात, एक उशीखाली, एक स्कूटरच्या डिकीत. रोज्याच्या दिवसांत त्यांचे हाल पाहवत नसत. ते आपल्या आलिमांच्या मताप्रमाणे दिवसा थेंब घालत नसत. असरनंतर ते अस्वस्थ होत, कोणाशी बोलत नसत, घड्याळाकडे बघत बसत. अजान झाली की त्यांचा हात खजुराआधी बाटलीकडे जाई. घरातल्यांना वाटे, त्यांना भूक सहन होत नाही. त्यांनी स्वतःहून कधी सांगितले नाही, कारण त्यांना लाज वाटायची. ते म्हणाले, ‘विडी नाही, तंबाखू नाही, पानसुद्धा नाही. आणि या वयात एका बाटलीचा गुलाम झालो, हे कोणत्या तोंडाने सांगू?’

शेवटी मुलीने त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. उपाय ऑपरेशनचा निघाला नाही. डॉक्टरांनी आधी एका नाकपुडीचे थेंब बंद केले, म्हणजे दुसरीतून श्वास चालू राहील. सोबत रोज एकदा मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. पहिली नाकपुडी सुधारल्यावर दुसरीचे थेंब बंद केले. सुरुवातीच्या चार-पाच रात्री वाईट गेल्या. तीन आठवड्यांनी त्यांनी सांगितले, की शेवयांना लावलेल्या केवड्याचा वास त्यांना कित्येक वर्षांनी आला. ऐकताना मला वाटले, अकरा वर्षांत औषध विकणाऱ्यांपैकी एकाने जरी विचारले असते, ‘चाचा, किती दिवस घेताय हे?’, तरी यातली बरीच वर्षे वाचली असती.

स्टेरॉइड हा शब्द ऐकून पुष्कळजण दचकतात. नाकात मारायच्या फवाऱ्यात त्याचे प्रमाण फार थोडे असते आणि ते मुख्यतः नाकातच काम करते. त्याचा पूर्ण असर दिसायला काही दिवस लागतात. त्याने थेंबांसारखे मिनिटांत नाक उघडत नाही, म्हणून लोक तो दोन दिवसांत सोडतात आणि पुन्हा थेंबांकडे वळतात. ॲलर्जीच्या जुन्या सर्दीसाठी मात्र डॉक्टर बहुतेक वेळा हाच देतात, आणि तो दिवसातून एकदा मारायचा असल्याने रोजेदारालाही सोयीचा आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा, एवढे पथ्य पाळावे.

थेंब कोणी स्वतःच्या मनाने घालूच नयेत, तेही सांगायला हवे. हे औषध नाकातल्याच रक्तवाहिन्या आकसते असे आपण समजतो, पण थोडे अंगातही भिनते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचे काम वाढलेले असणे, मधुमेह, काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. नैराश्यावरच्या काही औषधांशीही याचे जमत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. आपल्या घरांतले वडीलधारे मोजून पाहा. निम्म्यांना तरी यातले एखादे दुखणे असेल, आणि तेच रात्री नाक चोंदते म्हणून सर्वांत आधी बाटली मागतात.

मुलांचा विषय तर फार गंभीर आहे. मोठ्यांच्या बाटलीत झायलोमेटाझोलिनचे प्रमाण साधारण ०.१ टक्के असते, मुलांच्या बाटलीत त्याच्या निम्मे. मोठ्यांची बाटली बाळाच्या नाकात घालायची नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला तर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज कुठलीच नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये इशारा दिला होता, की डोळ्यांचे आणि नाकाचे अशा जातीचे थेंब लहान मुलांनी चुकून गिळल्याने ती गुंगीत गेल्याच्या, त्यांचे हृदयाचे ठोके मंदावल्याच्या घटना घडल्या आहेत. एक-दोन मिलिलिटर, म्हणजे पाव-अर्धा चमचा औषधही त्यासाठी पुरते. आता आपली सहेरीची वेळ आठवा. अर्धवट झोप, सगळ्यांची घाई, ओट्यावर उघडी बाटली आणि पायात घुटमळणारे दीड वर्षाचे पोर. बाटली झाकण लावून उंचावर ठेवायची, हा नियम नमाजच्या वेळेइतका कडक पाळावा. मुलाने औषध प्यायल्याची शंका जरी आली, तरी घरगुती उपाय करत न बसता त्याला आणि बाटलीला घेऊन थेट दवाखाना गाठावा.

थेंब घालण्याचीही रीत आहे. आधी नाक हलकेच शिंकरावे, एका वेळी एक नाकपुडी. मग थेंब घालावेत. वेष्टनावर लिहिले असेल तेवढेच, साधारण दोन किंवा तीन. बहुतेक लोक उभ्या उभ्या मान मागे टाकतात आणि औषध सरळ घशात जाते. त्यापेक्षा खाटेवर कुशीवर झोपून खालच्या बाजूच्या नाकपुडीत थेंब घालावेत आणि मिनिटभर तसेच राहावे. मग कूस बदलावी. कान-नाक-घशाच्या वैद्यकात आणखी एक पद्धत सांगतात, गुडघे टेकून, कपाळ जमिनीकडे नेऊन थेंब घालण्याची. तिला इंग्रजी ग्रंथांत नावच ‘मक्का स्थिती’ असे आहे. सजद्याची ओळख असलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. वयस्कर लोकांना कुशीवरची पद्धत सोपी जाते. घशात कडू उतरले तर गिळू नये, थुंकावे. दोन्ही मतांच्या लोकांना हे सारखेच उपयोगी आहे. बाटलीचे टोक नाकाला टेकवू नये आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. आपल्याकडे एक बाटली सबंध घरात फिरते आणि सर्दीही तिच्याबरोबर फिरते. उघडलेली बाटली महिनाभरानंतर टाकून द्यावी.

थेंबांऐवजी काय करता येईल, असे विचाराल तर पहिले उत्तर मिठाचे पाणी. दुकानात सलाइनचे थेंब आणि फवारे मिळतात. त्यांची सवय लागत नाही, ते लहान-मोठ्या सगळ्यांना चालतात. घरी करायचे तर अर्धा लिटर पाणी चांगले उकळून गार करावे आणि त्यात पाऊण सपाट चहाचा चमचा मीठ घालावे. उकळणे टाळू नये. नळाच्या किंवा टाकीच्या कच्च्या पाण्यातला एक प्रकारचा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हा आजार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुधा जीव घेतो. जलनेती करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. वजूमध्ये आपण दिवसातून पाच वेळा नाकात पाणी घेतो. नाकातली धूळ आणि परागकण त्याने धुऊन निघतात. रोजा असताना नाकात पाणी फार वर ओढू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहेच. ती या दृष्टीनेही शहाणपणाची ठरते.

वाफ बऱ्याच जणांना आराम देते. ती इफ्तारनंतर, भांडे टेबलावर पक्के ठेवून घ्यावी. मुलाला गरम पाण्याच्या भांड्यावर वाकवू नये, भाजण्याचा धोका असतो. नाकाला चोळायच्या मलमाने गार वाटते, म्हणून नाक उघडल्याचा भास होतो. वाट प्रत्यक्षात तेवढीच राहते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन असते. ते तोंडाने घेतल्यावर नाकावर उपयोग होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये काढला. तेव्हा थेंब सोडून गोळीकडे वळण्यातही फारसे हशील नाही. रात्री उशी उंच घ्यावी, इफ्तार ते सहेरी या वेळात पाणी थोडे थोडे पण पुरेसे प्यावे. ज्याला अत्तराने शिंका येतात त्याने मशिदीत मागच्या सफेत, मोकळ्या हवेत उभे राहावे. आणि अत्तर लावणाऱ्यानेही शेजाऱ्याच्या नाकाचा थोडा विचार करावा.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरगुती उपाय पुरे करून डॉक्टरांकडे जावे. एकच नाकपुडी सतत बंद राहणे, नाकातून रक्त येणे, घाण वासाचा स्राव, ताप आणि गालाच्या हाडात ठणका, डोळ्याभोवती सूज, या त्या खुणा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आत मणी किंवा हरभऱ्याचा दाणा अडकलेला असू शकतो. मधुमेही माणसाचा चेहरा एका बाजूने सुजला किंवा बधिर झाला तर एक दिवसही थांबू नये. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती डोळे आणि किती जीव घेतले, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी थेंब घालून नाक मोकळे ठेवणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे.

हे सगळे रमजानच्या पानावर का, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे आहे. रोज्यात आपण ज्या गोष्टी सोडतो त्या वाईट नसतात. पाणी हलाल आहे, भाकरी हलाल आहे. पण फज्रनंतर पाणी नाही आणि मगरिबनंतर आहे. वस्तू तीच, फरक वेळेचा. महिनाभर आपण शरीराला हेच शिकवतो, की चांगल्या गोष्टीलाही हद्द असते आणि ती हद्द तहान लागली म्हणून हलत नाही. औषधाचेही असेच आहे. पाचव्या दिवसापर्यंत जे औषध होते, ते पुढे दुखणे होऊन बसते. चौदा तास पाण्याला हात न लावणारा माणूस एवढ्याशा बाटलीपुढे हरतो, कारण तिची हद्द त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

ती सांगायचे काम वाटून घेता येईल. जुमाच्या बयानात इमाम साहेबांनी रोजा मोडणाऱ्या गोष्टी सांगताना एक वाक्य याचेही सांगावे. मेडिकलवाल्यांनी बाटली देताना दोन प्रश्न विचारावेत: ‘कोणासाठी?’ आणि ‘किती दिवसांपासून?’ रक्तदाबाची गोळी नेणारे तेच गिऱ्हाईक थेंबही नेते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला दिसत नाही. आपल्या शहरातले मेडिकलवाले सगळ्या धर्मांचे आहेत आणि त्यांची गिऱ्हाइकेही. होळीच्या धुराने चोंदलेले नाक आणि अगरबत्तीने चोंदलेले नाक, दोन्हींना लागणारे थेंब एकच आणि त्यांचे नियमही एकच.

आणि आपण घरी एवढे करावे: बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर पेनाने दोन तारखा लिहाव्यात, आजची आणि पाचव्या दिवसाची. दुसरी तारीख उलटली की बाटली बंद. तरीही नाक उघडले नसेल तर नवी बाटली न आणता डॉक्टरांकडे जावे. ज्यांच्या घरात कोणी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे थेंबांवर आहे, त्यांनी त्या माणसाला हसू नये आणि रागावूही नये. त्याला सोबत घेऊन जावे. त्याचे नाक बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुधारते. रमजानचे दिवस अजून हातात आहेत; आज सुरुवात केली तर ईदच्या शीरखुर्म्याचा वास त्यालाही येईल.